एकदाच दाबलं

४ मार्च

भाऊजी,

तीन दिवसांत सात वेळा फोन केला. एकदा तुम्ही ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालात, उरलेल्या सहा वेळा तेवढीही तसदी घेतली नाहीत. म्हणून हे पत्र. तसंही चौकशीसाठी उत्तर लेखीच हवंय. खुशाली शेवटी विचारते, जमलं तर.

सोमवारी सकाळी सूत रंगवायच्या मशीन तीनवर नव्या गर्द निळ्या रंगाचा पहिला लॉट लावला होता. मशीन तीन तुम्हाला आठवत असेल. त्याच्या बाजूच्या टाकीच्या कठड्यावर चहाचा कप ठेवून तुम्ही प्रोग्रॅम लिहायचात आणि मी ओरडायचे. त्याच टाकीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी उतू गेलं. टाकी साठ लिटरची, लॉटला लागणार होते छत्तीस लिटर. आले बहात्तर.

समोर पैलवान उभा होता. अंगाने काडी म्हणून ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तोच. तुम्ही आमच्या घरी राहत होतात तेव्हा दोन वर्षं रोज तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात आणायचा. त्याचा उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत भाजलाय. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. दवाखान्यात भेटायला गेले तर मलाच म्हणाला, ‘बाई, लॉट वाचला का?’

साहेबांनी पंपाच्या नोंदीची पट्टी काढली. दहा एकेचाळीसला सोडा घेतला, दहा बेचाळीसला पुन्हा घेतला. साहेब म्हणाले, ‘झालं, याने बटण दोनदा दाबलं.’ पैलवान म्हणतो, एकदाच दाबलं. अकरा वर्षं तो माझ्या खात्यात आहे आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण माझा विश्वास त्या पट्टीवर छापून येत नाही.

तेव्हा सरळ विचारते. तुम्ही आमच्यासाठी मॅक्रो लिहून ती जी भाषा केलीत, तिच्यात असं होऊ शकतं का, की बटण एकदा दाबलं आणि सोडा दोनदा आला? हो किंवा नाही. लांबण लावू नका. चौकशी अठरा तारखेला आहे.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

नाही.

हे झालं उत्तर. आता साहेबांपुढे ठेवता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबण वाटली तर वाटू दे.

रंगखात्याच्या मास्तरीणबाईंना, म्हणजे तुम्हाला, प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यांना ‘कृती गर्द निळा’ असं वर लिहून खाली पायऱ्या लिहायच्या असतात: पाणी घे, सूत सोड, ढवळ, सोडा घे. नेहमीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत पायऱ्या अशा लिहिता येत नाहीत. म्हणून मी मॅक्रो लिहिले. मॅक्रो म्हणजे बदली. बाईंनी लिहिलेली एक साधी ओळ मशीन चालायच्या आधी उचलली जाते आणि तिच्या जागी माझ्या खऱ्या ओळी बसतात. त्या लिहितात ‘तपासून’. त्याच्या जागी माझं बसतं: आलेलं माप मर्यादेच्या वर असेल तर थांब आणि घंटा वाजव, नाहीतर पुढे जा. या भाषेचं सौंदर्यच हे, की त्यात कुठलीही गोष्ट कुठेही बसते. आत काय बसलंय ते बघायचं असेल तर ‘उलगड’ अशी आज्ञाही ठेवली आहे. ती सगळं छापून देते. तुम्हाला ते समजणार नाही, पण सोय आहे.

संगणकाचं लक्ष उडत नाही. त्याला झोप येत नाही, त्याचं घरी भांडण होत नाही. बोट माणसाचं असतं. पैलवानाबद्दल मला वाईट वाटतं, तो भला माणूस आहे. पण भल्या माणसाचं बोटही दोनदा पडतं.

आणि वहिनी, थोडं मनातलं. दोन वर्षं मी त्या वाफेच्या खात्यात घालवली. तिथे कुणी एकदाही ‘छान केलंस’ म्हणालं नाही. आता मी सोडून आलो, इथल्या कंपनीत या कामाला मान आहे, आणि तिकडे काही फुटलं, गळलं, सांडलं की खापर फोडायला मी. सात फोन केलेत ते मी कसा आहे हे विचारायला नव्हते.

तुमचा
भाऊजी

ता. क. ‘तपासून’ तुम्ही फक्त तापमानालाच वापरता ना? सहज विचारतो.


२० मार्च

भाऊजी,

चौकशी झाली. पैलवानाला काढलं.

साहेबांच्या केबिनमागच्या खोलीत, जिथे जुने नमुने टांगलेले असतात, तिथे टेबल लावलं होतं. चौकशी समितीची तीन माणसं एका बाजूला. पैलवान दुसऱ्या बाजूला, हात गळ्यात बांधलेला. मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मला विचारलं, ‘मास्तरीणबाई, तुमचं म्हणणं काय?’ मी उभी राहून तुमचं पत्र वाचलं. आवाज चांगला खणखणीत लागला होता माझा. घरचा माणूस एवढं छान लिहितो याचा थोडा तोराही होता त्यात, खोटं कशाला बोलू. ‘भल्या माणसाचं बोटही दोनदा पडतं’ या वाक्याला साहेबांनी मान डोलावली.

पैलवान म्हणाला, ‘बाई, मी एकदाच दाबलं. तुम्ही मला ओळखता.’

मी म्हणाले, ‘मी ओळखते रे. पण कागद असं म्हणतोय.’

मग सगळ्यांनी सह्या केल्या. मीही. पैलवानाचा उजवा हात पट्टीत, म्हणून त्याला डाव्या हाताने करायला लावली. ती सही बघवत नव्हती. बाहेर पडताना त्याने माझ्यासाठी दार धरलं, नेहमीसारखं.

तेव्हापासून मी घरीदारी सगळ्यांवर खेकसतेय. तुमचे दादा म्हणतात, ‘तू खोटं काही बोलली नाहीस, मग एवढी धुमसतेस कशाला?’ कशाला ते मला सांगता येत नाही, म्हणूनच धुमसतेय. अकरा वर्षांच्या ओळखीपेक्षा मी एका कागदाला मोठं केलं. आणि तुम्हाला साधं ‘त्याचा हात कसा आहे’ हेही विचारावंसं वाटलं नाही. मला खात्री करून घ्यायचीय. तुमचं ते बदलीचं प्रकरण मला नीट समजावून पाठवा, ‘समजणार नाही’ म्हणून टोलवू नका.

तुमच्या ता. क. चं उत्तर: तापमानाला वापरते, पातळीला वापरते, आणि या नव्या कृतीत सोड्यालाही वापरलंय. कुठलीही गोष्ट कुठेही बसते, असं तुम्हीच म्हणाला होतात. का विचारलंत?

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

घाईत आहे, म्हणून थोडक्यात. सध्या ‘तपासून’ सोड्याला वापरू नका. मिठाला नको, रंगालाही नको. तापमान आणि पातळी, बस. सोडा वेगळ्या ओळीत आधी घ्या. कारण सांगत बसत नाही, तांत्रिक आहे.

झाल्या चौकशीचा आणि याचा काही संबंध नाही. ते प्रकरण मिटलंय, ते उकरत बसू नका. तुमची तब्येत सांभाळा, दादांना नमस्कार.

भाऊजी


३ एप्रिल

आज मी तुला तू म्हणणार आहे. भाऊजी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुझं चार ओळींचं पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. ज्याला खरंच काही माहीत नसतं तो उलट विचारत बसतो, काय झालं, कसं झालं. तू विचारलं नाहीस. तू ‘उकरू नका’ म्हणालास. म्हणून उकरलं.

रविवारी कारखाना बंद असतो. पहारेकऱ्याला सांगून आत गेले. मशीन तीनला सोड्याच्या नळीऐवजी साध्या पाण्याची नळी जोडली. तीच कृती लावली. डावा हात पदरात गुंडाळून ठेवला, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने हिरवं बटण दाबलं. एकदा. बोट उचलून छातीशी धरलं आणि उभी राहिले. छत्तीस लिटर आलं. पंप थांबला. मग आपला आपण पुन्हा सुरू झाला. टाकी भरली, कठड्यावरून वाहायला लागली, माझ्या चपला भिजल्या. पहारेकरी धावत आला, त्याला वाटलं पाइप फुटला. मी तिथे उभी राहून रडत होते आणि तुला शिव्या देत होते. कुठल्या ते लिहीत नाही, तुझ्या दादाने हे पत्र वाचायला मागितलंय.

मग ‘उलगड’ लिहिलं. कागद छापून आला. मला समजणार नाही म्हणाला होतास. चौदा वर्षं मी रंगाच्या कृती वाचतेय. एक जिन्नस दोनदा पडत असेल तर मला झोपेतही कळतं.

माझी ओळ होती: तपासून, ‘सोडा घे छत्तीस’, मर्यादा चाळीस. तिच्या जागी तू बसवलेलं निघालं: जर ‘सोडा घे छत्तीस’ हे चाळीसच्या वर असेल तर थांब आणि घंटा वाजव, नाहीतर ‘सोडा घे छत्तीस’. मी एकदा लिहिलेले शब्द तू दोन ठिकाणी जसेच्या तसे डकवलेस. पहिल्या ठिकाणी मशीनने सोडा घेतला, किती आला ते तपासायला. मर्यादेत निघाला, म्हणून पुढे गेलं. तिथेही ‘सोडा घे’च लिहिलेलं. मग पुन्हा घेतला. तापमान दोनदा विचारलं तर कुणाचं काही जात नाही. सोडा दोनदा घेतला तर माणसाचा हात जातो.

आणि आधी चाचणी का घेतली नाही, असं विचारशील म्हणून सांगते. घेतली होती. घंटा वाजते की नाही ते बघायचं होतं, म्हणून मुद्दाम पन्नास लिटरचा आकडा घातला. पंप एकदाच फिरला, घंटा वाजली, सगळं थांबलं. मी खूश झाले. माप चुकीचं घातलं तर तुझी भाषा सुतासारखी सरळ वागते. माप बरोबर घातलं, तर दुप्पट ओतते. हे कुणाच्या ध्यानात येणार होतं?

हीच कृती फेब्रुवारीत मी तुला बघायला पाठवली होती. तू लिहिलंस, ‘वा वहिनी, झकास!’ मी ते पत्र खात्यात सगळ्यांना दाखवलं होतं. पैलवानालासुद्धा.

मला एकच सांग. अपघाताच्या आधी तुला हे माहीत होतं का?

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

हो.

आठवडाभर हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. मला तुमचा रागही आलाय. स्वतःचा येतोय त्याहून तुमचा यायला सोपं जातं.

जानेवारीत इथल्या एका सहकारी बाईंनी माझं काम वाचलं आणि पाचव्या मिनिटाला तिथे बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘इथे आतली गोष्ट दोनदा चालणार.’ दुरुस्ती एका ओळीची आहे. आधी एकदा घ्यायचं, जे आलं त्याला एक नाव द्यायचं, आणि मग त्या नावाला तपासायचं. आम्ही इथली प्रत तेव्हाच दुरुस्त केली. आणि लपवायचंच कशाला, माझ्या अगदी पहिल्या आवृत्तीत ती ओळ होती. उलगडल्यावर गबाळं दिसायचं म्हणून मी ती काढली. मला तीन सुबक ओळी हव्या होत्या. त्या तीन सुबक ओळी मी इथे मुलाखतीला दाखवल्या होत्या.

तुम्हाला कळवायचं होतं. पण कळवायचं म्हणजे साहेबांना कळणार, मग जुन्या चुका निघणार. आणि मी मनाशी धरून चाललो की वहिनी ‘तपासून’ फक्त तापमानाला वापरते. फेब्रुवारीतली तुमची कृती मी उघडलीच नव्हती. आठ दिवस तशीच पडली होती, शेवटी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ‘झकास’ लिहून मोकळा झालो.

मार्चमध्ये तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला चटकन कळलं. आणि मी ‘नाही’ लिहिलं. का, ते मला विचारू नका. तो शब्द आधी लिहून झाला होता. त्यानंतरचं सगळं त्याला साजेसं लिहीत गेलो.

आता एक ऐका. सोबत दुरुस्त केलेली प्रत पाठवतोय. ती गुपचूप बसवा. पुढच्या महिन्यात मला दोनशे जाणकारांपुढे ही भाषा मांडायची आहे. माझं इथलं पाऊल त्यावर टिकणार आहे. ‘याच्या मॅक्रोने माणूस भाजला’ असा कागद फिरला तर मला दारात कोण उभं करणार? पैलवानासाठी मी ओळखीत दुसरीकडे कुठेतरी शब्द टाकतो. चांगली जागा बघून देतो. त्याला काम मिळेल, माझं राहील, तुमचंही निभेल. वर्षभराने कुणाच्या लक्षातही राहणार नाही. मी तुमच्या हातचं जेवलोय वहिनी, मला उघड्यावर आणू नका.

तुमचा


१६ एप्रिल

तुझी दुरुस्त प्रत बसवलेली नाही. तुझी भाषाच मी मशीनवरून काढलीय. कृती पुन्हा लांबलचक लिहिते, हाताने, एकेक पायरी. अकरा ओळींच्या जागी दोनशे होतात. होऊ देत.

आणि ‘माझी भाषा’, ‘माझी भाषा’ कुठली रे? आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू मला विचारायचास, ‘वहिनी, तुम्ही कामगारांना कसं सांगता?’ मी भाजी निवडता निवडता सांगायचे: घे, सोड, ढवळ, मुरू दे, तपासून बघ. तू वहीत उतरवायचास. त्यातलं एकही क्रियापद तुझं नाही. तुझं एवढंच, की मी ‘घे’ म्हटलं त्याचं तू दोनदा केलंस. माझ्या तोंडचे शब्द घेऊन तू माझ्याच माणसाचा हात भाजलास, आणि आता दोनशे जाणकारांपुढे कौतुक करून घ्यायला निघालास.

मी साहेबांकडे गेले होते. माझी सही मागे घेते म्हणाले. उलगडलेला कागद पुढे ठेवला. साहेब हसले. ‘मास्तरीणबाई, तुम्ही प्रोग्रॅमर आहात का? ज्याने केलंय तो लेखी नाही म्हणतो, आणि तुम्ही हो म्हणता?’ पाण्याची चाचणी पुन्हा करून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, नळ्या तुम्ही जोडल्या, आकडे तुम्ही घातले, त्याला काय अर्थ. आता फक्त तुझा कागद चालेल. तीस तारखेनंतर फाइल बंद होते.

पैलवानाला दुसरीकडे जागा नको आहे. त्याला ‘तू दोनदा दाबलं नाहीस’ एवढं हवंय. त्याच्या बायकोने मला विचारलं, ‘बाई, ह्यांचं लक्ष कुठे होतं हो त्या दिवशी?’ म्हणजे घरातसुद्धा ते ठरून गेलंय.

माझ्या हातचं जेवलास ते मोजून दाखवायला मी बसले नाही, तूही ते मध्ये आणू नकोस. पत्र लिही.

वहिनी

(खाली दुसऱ्या अक्षरात)
मी आजवर प्रत्येक भांडणात तुझी बाजू घेतली. या वेळी घेणार नाही. पत्र पाठव.
— दादा


२५ एप्रिल

वहिनी,

पाठवलं. चौकशी समितीला थेट, एक प्रत साहेबांना, एक तुम्हाला सोबत. मजकूर असा आहे:

‘मशीन तीनवरील प्रोग्रॅमसाठी “तपासून” हा मॅक्रो मी लिहिला. त्यात दिलेली क्रिया दोनदा चालते. त्यामुळे चालकाने बटण एकदाच दाबले तरी सोडा दोनदा घेतला जातो. एक मार्चला हेच झाले. ही चूक मला जानेवारीपासून ठाऊक होती आणि मी कारखान्याला कळवली नाही. नऊ मार्चचे माझे पत्र खोटे होते. चालकाचा यात काहीही दोष नाही.’

हे सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाच वेळा त्यात ‘दुर्दैवाने’, ‘अनवधानाने’, ‘त्या वेळच्या मर्यादांमुळे’ असं काय काय होतं. ते सगळं काढलं.

इथल्या वरिष्ठांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, चूक कुणाचीही होते, पण ते खोटं पत्र कशासाठी? पुढच्या महिन्यातलं भाषण आता त्या सहकारी बाई करणार आहेत. मला ठेवतील की नाही ते अजून सांगितलेलं नाही.

झालं का समाधान? दादांची ती ओळ वाचली. त्यांना सांगा, पोहोचली.

पैलवानाचा हात कसा आहे?


८ मे

दुसऱ्या महिन्यात का होईना, हाताचं विचारलंस. जखम भरलीय. कातडी ताणून बसलीय, मूठ पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणतात व्यायामाने येईल.

समितीने फाइल उघडली. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण तुझ्या सहीपुढे त्यांचं काही चाललं नाही. पैलवानाला सोमवारपासून कामावर घेतलंय. त्याच्यावरचा शेरा खोडून तसं लेखी दिलंय. माझी सही मी मागे घेतली, आणि तेवढ्यासाठी वेगळा माफीचा कागद लिहिला. तो मलाच लिहायचा होता.

तू दुखावला असशील ते मला कळतं. मला तुझी दया येते आणि संतापही येतो, दोन्ही एकाच वेळी. ‘झालं का समाधान’ म्हणून विचारलंस, तर समाधान कसलं झालं ते सांगते.

काल तुझं पत्र घेऊन पैलवानाच्या घरी गेले. सायकलच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. त्याच्या बायकोने शेजारच्या बायकांनाही बोलावून घेतलं, सगळ्यांना कळू दे म्हणून. मी मोठ्याने वाचलं. ‘चालकाने बटण एकदाच दाबले तरी’ इथे आले तेव्हा त्याची बायको रडायला लागली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, ‘मी तुम्हाला काय काय बोलले हो!’ तो म्हणाला, ‘बाई, ते परत वाचा.’ परत वाचलं.

मग सगळ्या गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘बाई, तुम्ही एवढं केलंत, तुम्हाला एक सांगतो, रागावू नका. मी दोनदाच दाबलं होतं.’

मी म्हणाले, ‘अरे, वेडा झालास का? तो स्वतः लिहून देतोय!’

तो म्हणाला, ‘ते त्यांचा चांगुलपणा. भाऊजी पहिल्यापासून मनाने मोठे. पण मला आता स्पष्ट आठवतं. आधी वाटायचं एकदाच दाबलं. मग साहेब म्हणाले दोनदा, कागद म्हणाला दोनदा, तुम्हीही म्हणालात. घरी बसून रोज टेबलाच्या कडेवर बोट दाबून बघायचो, त्या दिवशी काय केलं होतं ते आठवायला. करता करता आठवलं. दोनदा. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा बोट थोडं घसरलं होतं, तेसुद्धा आठवतं.’

मी त्याला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. रविवारची पाण्याची गोष्ट सांगितली, कागदावर आखून दाखवलं, एक जिन्नस दोन ठिकाणी कसा आला ते. तो मान डोलवत होता, माझं मन राखायला. सोमवारी येईन म्हणाला, पण बटणावर नको, सूत उचलायला ठेवा, म्हणाला. पुन्हा कुणाच्या अंगावर सांडायला नको.

मशीन आपण दुरुस्त केलं असेल, त्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. हे आपण दोघांनी केलंय, तू लिहून आणि मी वाचून. माझं त्याला आता पटत नाही, मी त्याच्या बाजूने बोलणारच असं त्याला वाटतं.

म्हणून तू ये. काय व्हायचं ते तिकडे होऊ दे, तू रजा टाक आणि ये. सायकलच्या दुकानाशेजारून जिना आहे, पहिलं दार. त्याच्यासमोर बस आणि तोंडाने सांग. कागदाचं त्याने ऐकून झालंय.

वहिनी